मांडवातली एक संध्याकाळ सिनेमाला द्या

प्रति,
गल्लोगल्लीच्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, खजिनदार आणि मांडवात रात्री जागवणारे कार्यकर्ते

स. न. वि. वि.

पावतीपुस्तक घेऊन तुम्ही दारात येता तेव्हा बोलायला वेळ नसतो. अजून तीन मजले चढायचे असतात, आणि वरचे काका "मागच्या वर्षीएवढेच लिहा" म्हणत अर्धा तास खाणार हे तुम्हालाही माहीत असतं. म्हणून हे आधीच लिहून ठेवतेय. वर्गणी मिळेल. बदल्यात दहा दिवसांतली एक संध्याकाळ मराठी सिनेमासाठी हवी आहे. सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर फिरून फिरून लागतात ते सिनेमे मी म्हणत नाहीये. ज्यांना तुम्ही 'अवॉर्डवाले पिक्चर' म्हणून लांबूनच हात जोडता, ते.

हेच मागे एका मंडळाला तोंडी सांगून पाहिलं होतं. "काकू, लोक उठून जातील," असं उत्तर मिळालं. त्या संध्याकाळी मग ऑर्केस्ट्रा झाला. त्यातून लोक उठून गेलेच, पण ते कुणी मोजलं नाही.

तुमचं हे भय मला खरंच कळत नाही, कारण तुमचे जिवंत देखावे मी लहानपणापासून बघत आलेय. हुंडा, स्त्रीभ्रूणहत्या, व्यसनमुक्ती, शेतकरी आत्महत्या, काही म्हणून तुम्ही सोडलेलं नाही. मागे रेकॉर्ड केलेला आवाज, पुढे ओठ हलवणारी कॉलेजची मुलं, घोंगडी पांघरून खोकणारा बाप, झाडाला दोर. मग वीज चमकते, धूर सुटतो आणि बाप्पा प्रकट होतात. पावसात, चिखलात, पोर कडेवर घेऊन लोक हे उभ्याने बघतात आणि संपल्यावर पुढच्या मंडळाच्या देखाव्याकडे चालायला लागतात. म्हणजे गंभीर विषय लोकांना झेपत नाहीत, हे तुमचं म्हणणं तुमच्याच मांडवात खोटं पडतं.

आता तोच शेतकरी सतीश मनवरांच्या 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये (२००९) बघा. विदर्भातलं गाव. शेजारचा शेतकरी जीव देतो आणि अलकाच्या मनात पाल चुकचुकते: आपला किसनाही असंच काही करणार. झालं, घरात पहारा सुरू. पोराला बापाच्या मागे धाडायचं, सासूला नजर ठेवायला सांगायचं, घरात दाणा नसताना नवऱ्याला खूश ठेवायला पुरणपोळी करायची. किसनाला काही कळेना की घरचे असे का वागतायत. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी हे इतक्या सरळ चेहऱ्याने करतात की आपण हसतो, आणि हसता हसता पोटात खड्डा पडतो. या सिनेमात भाषण नाही. आकाशाकडे बघून हंबरडा नाही. पेरणी, पाऊस नाही, पुन्हा पेरणी, बियाण्याची उधारी, आणि मध्येच नवरा-बायकोची भांडणं. देखाव्यात शेतकरी मरतो तेव्हा आपण हळहळतो. इथे तो जिवंत असतो, चिडतो, बिडी ओढतो, स्वप्नं बघतो, आणि त्यामुळे आपल्याला चैन पडत नाही.

हा पहिल्या वर्षी लावा असं मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी 'वळू' लावा. उमेश कुलकर्णींचा २००८ सालचा सिनेमा. कुसवडे गावात डुरक्या नावाचा देवाला सोडलेला वळू आहे. गावात कुणाचं काहीही बिनसलं की नाव त्याचंच. त्याला पकडायला वनखात्याचा साहेब येतो, आणि गाव साहेबालाच पकडून आपापली गाऱ्हाणी ऐकवतं. सरपंचाचा गट, आबाचा गट, दोन्हीकडून जेवणारे, भटजी, आणि प्रत्येक गोष्टीत पुढे पुढे करणारी पोरं. तुमच्या मंडळाची वार्षिक बैठक ज्याने पाहिली आहे त्याला यातलं एकही पात्र परकं वाटणार नाही. राग मानू नका. मी माझ्या सोसायटीच्या सभेतही बसलेय, तिथे तर वळूही नव्हता.

याच दिग्दर्शकाचा 'देऊळ' (२०११) मांडवात लावायला मात्र छाती लागते. केशाला उंबराखाली दत्ताचा दृष्टान्त होतो. अण्णा गावात दवाखाना व्हावा म्हणून धडपडत असतात, तो राहतो बाजूला आणि देऊळ उभं राहतं. मग दुकानं येतात, जाहिराती येतात, भोंगे येतात, गाण्यांच्या कॅसेट येतात. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या सिनेमाला मिळाला. नास्तिकांनी देवावर काढलेला हा सिनेमा नाही, हे आधीच सांगते. केशाची श्रद्धा त्यात शेवटपर्यंत निर्मळ आहे, बाजार बाकीच्यांनी मांडलेला आहे. तुमच्यातल्या कुठल्या मंडळाने कमानीवरच्या जाहिरातींच्या खाली उभं राहून हा सिनेमा दाखवला, तर त्या वर्षी मी दुप्पट वर्गणी देईन. लेखी देतेय.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्हाला कशाला? थिएटरवाल्यांना लिहा. लिहून काय होणार? २०१५च्या एप्रिलमध्ये सरकारने जाहीर केलं होतं की मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी ६ ते ९ या वेळात मराठी सिनेमा लावलाच पाहिजे. त्यावर केवढं रण माजलं. मग वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल झाली. त्याच महिन्यात चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' प्रदर्शित झाला होता, व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातून दोन पारितोषिकं आणि वर राष्ट्रीय पुरस्कार घेऊन. नियम आला, पण माझ्यासारख्या प्रेक्षकाचा अनुभव काही फारसा बदलला नाही. असे सिनेमे मी बहुतेक सकाळच्या खेळालाच पाहिलेत, घरातला स्वयंपाक अर्धा टाकून, आणि पुढच्या आठवड्यात मैत्रिणीला सांगावं तर सिनेमा उतरलेला. तुमच्याकडे मात्र भर संध्याकाळ आहे, मोक्याची जागा आहे, माणसं आहेत, आणि तिकीट नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वितरकाला हेवा वाटावा असं हे आहे आणि तुम्ही त्यावर रनिंग लायटिंग लावता.

शिवाय हे काम तुमचंच होतं. मांडवासमोर बांबूला पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवायची रीत तुमच्या आधीच्या कार्यकर्त्यांनीच चालवली. पडद्याच्या दोन्ही अंगांना लोक बसायचे. मागच्या बाजूला बसलेल्यांना नायक डावखुरा दिसायचा आणि पाट्या उलट्या, पण सतरंजीवर पाय पसरायला जागा मिळायची म्हणून आम्ही मुद्दाम मागेच बसायचो. जत्रांमधून तंबू टॉकीज फिरायच्या. त्या कशा विझत गेल्या ते बघायचं असेल तर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) हा माहितीपट मिळवा. ट्रकवर लादलेले जुने प्रोजेक्टर, रिळं, जत्रेत उभा राहणारा तंबू आणि टीव्ही-डीव्हीडीपुढे रोडावत गेलेली गर्दी. कान महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. त्यातली मशीन दुरुस्त करणारी माणसं बघताना मला देखाव्याच्या मोटारी जुळवत रात्र काढणारी तुमची पोरं आठवली.

आता 'फँड्री'कडे येते. खरं तर हे पत्र त्याच्यासाठीच आहे.

'झिंगाट' तुम्ही वाजवलंत. २०१६पासून एकही मिरवणूक त्याच्याशिवाय गेलेली मला आठवत नाही. 'सैराट' तुमच्या सगळ्यांना पाठ आहे. त्याच नागराज मंजुळेंचा त्याआधी दोन वर्षं, १४ फेब्रुवारी २०१४ला लागलेला 'फँड्री' मात्र तुमच्यातल्या किती जणांनी अख्खा पाहिलाय? जब्या हा शाळकरी मुलगा. वर्गातल्या शालूवर त्याचा जीव. ती बोलावी म्हणून काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो. बाप कचरू, किशोर कदमांनी केलेला, खाली मान घालून गावाची कामं करत आलेला. गावातली मोकाट डुकरं पकडायचं काम याच घराच्या वाट्याला येतं.

त्यातला एक प्रसंग मी कुठेही, कधीही बघू शकते. शाळेच्या शेजारी घरादाराने मिळून डुक्कर घेरलंय. आई, बहिणी, बाप, जब्या, सगळे. वर्गातली पोरं बघायला जमली आहेत, हसतायत. शालूही आहे. जब्याला जमिनीने पोटात घ्यावं असं झालंय. डुक्कर आता हातात येणार, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा राहतो. मग बाकीचेही थबकतात. फासा हातात तसाच, श्वास फुललेला, आणि डुक्कर समोरून निघून जातं. थिएटरात माझ्या पुढच्या रांगेत आधी हशा पिकला, मग तो मध्येच तुटला. कुणी काही सांगितलेलं नाही, एक वाक्य नाही. पुढे पकडलेलं डुक्कर बांबूला टांगून जब्या आणि घरचे चाललेत आणि मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले. कॅमेरा तेवढंच दाखवून गप्प राहतो.

आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो. तो दगड सरळ आपल्याकडे येतो. हा सिनेमा एकट्याने मोबाइलवर बघण्यात अर्थ नाही, तो दगड अंगठ्याएवढा दिसतो. तो रस्त्यावर, मोठ्या पडद्यावर, शेजारच्या वस्तीतले आणि समोरच्या बंगल्यातले एकाच सतरंजीवर बसलेले असताना आला पाहिजे. अशी सतरंजी आज महाराष्ट्रात तुमच्याकडे आहे, आणखी कुणाकडे फारशी उरलेली नाही.

बायकांच्या कार्यक्रमाचा विषय निघाला की तुम्ही 'खेळ पैठणीचा' ठेवता. ठेवा, मलाही फुगे फोडायला आवडतं. पण एखाद्या वर्षी जयंत सोमलकरांचा 'स्थळ' ठेवून बघा. २०२३ला टोरांटोच्या महोत्सवात गौरवला गेला, २०२५च्या मार्चमध्ये आपल्याकडे लागला. सुरुवातीलाच मुलीकडच्या बायका बसल्या आहेत आणि मुलगा पाटावर बसून प्रश्नांना उत्तरं देतोय, मान खाली घालून. आपण हसतो. ते सविताचं स्वप्न असतं. मग खरं सुरू होतं: नाव, शिक्षण, उंची, मामाकडचं आडनाव, बसा, उठा, आणि पुन्हा दुसरे पाहुणे, पुन्हा तेच पोहे. घरी कापूस पडलेला, भाव नाही, आणि बापाच्या डोक्यात हुंड्याचा हिशोब. पडद्यावरची माणसं त्या भागातलीच आहेत, नटलेली नाहीत, आणि बोलीही तिथली आहे. माझी खात्री आहे की तिसऱ्या 'कांदेपोह्यां'नंतर तुमच्या मांडवातल्या बायका पडद्याशी बोलायला लागतील. तसं झालं तर माइक बंद ठेवा आणि बोलू द्या.

मुलांसाठी अविनाश अरुणचा 'किल्ला' आहे. वडील गेलेले, सरकारी नोकरीतल्या आईची कोकणात बदली, पुण्याहून आलेला चिन्मय आणि त्याला हळूहळू आपल्यात घेणारी टवाळ पोरं. पावसात किल्ल्यावर मित्र त्याला एकटं टाकून पळतात, तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरलेले नाही. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ साली मुलांच्याच परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर हे पारितोषिक दिलं, म्हणजे मुलांना तो समजतो याचा दाखला बाहेरूनही मिळाला आहे. बंड्याच्या तोंडच्या शिव्यांवरून एखादे आजोबा कुरकुरतील. त्यांना पुढची खुर्ची द्या.

आणि 'कासव'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१६चा सिनेमा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालेला. जगायला नको झालेला एक तरुण रस्त्यात सापडतो आणि जानकी नावाची बाई त्याला कोकणातल्या घरी घेऊन जाते. तू कोण, कुठला, असं का केलंस, यातलं काही ती विचारत नाही. किनाऱ्यावर कासवांची अंडी राखायचं काम चाललेलं असतं. डॉ. मोहन आगाशे यात आहेत, निर्मातेही तेच, आणि ते मुळात मनोविकारतज्ज्ञ. असे सिनेमे घेऊन ते ठिकठिकाणी गेले, सिनेमा संपल्यावर लोकांशी बोलत बसले. दहावी-बारावीची मुलं असलेल्या आईबापांना तुम्ही दरवर्षी गुणगौरवाला बोलावता, पेढे-पुष्पगुच्छ देता. त्याच आईबापांसाठी हा सिनेमा आहे. गौरवाच्या यादीत ज्यांची नावं नसतात, त्यांच्या आईबापांसाठी तर जास्तच.

माझा सगळ्यात लाडका सिनेमा 'विहीर' आहे, आणि तो तुम्ही लावू नका. नात्यातले दोन भाऊ, एक बुडतो, दुसरा लपाछपीत त्याला शोधत राहावं तसा शोधत राहतो. त्याला काळोख आणि शांतता हवी. रस्त्यावर रिक्षा वाजत असताना तो मरेल. 'कोर्ट'बद्दल माझं मन अजून ठरत नाही. कॅमेरा एका जागी खिळलेला, माणसं लांब, न्यायालयात तारखांवर तारखा. शाहीर नारायण कांबळेवर आरोप हा की त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने जीव दिला. ते काम केलेले वीरा साथीदार पेशाने नट नव्हते, नागपूरचे कार्यकर्ते होते, २०२१च्या कोरोनात गेले. सरकारी वकीलबाई दिवसभर कलमं वाचून पोराला घेऊन घरी जातात आणि कुकर लावतात, तो भाग तर घराघरातला आहे. पण यासाठी शाळेचा हॉल घ्या, मांडव नको. 'साबर बोंडं'ही हॉलमध्येच. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी आलेला मुलगा, त्याचा बालपणीचा मित्र, त्या दोघांचं प्रेम, आणि सगळं ओळखून असलेली आई. २०२५ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांतलं सर्वोच्च पारितोषिक रोहन कानवडेंच्या या सिनेमाला मिळालं. मला तो फार हळुवार वाटला. तुमच्या समितीत त्यावरून वाद होणार हे धरून चला आणि वाद होऊ द्या.

थोडं व्यवहाराचं. ओटीटीचं सभासदत्व घरापुरतं असतं, त्यावरून चौकात सिनेमा दाखवता येत नाही. निर्मात्याकडून किंवा ज्याच्याकडे हक्क आहेत त्याच्याकडून लेखी परवानगी घ्या, छोट्या सिनेमांचे निर्माते भेटतात आणि बोलतातही. यातले बरेच सिनेमे दोन तासांच्या आतबाहेर संपतात. सातची आरती, साडेसातला सुरुवात, दहाला स्पीकर बंद व्हायच्या आत तुम्ही मोकळे. एलईडी वॉल नको, अंधारातली दृश्यं त्यावर भगभगीत होतात. चांगला प्रोजेक्टर भाड्याने आणा आणि पडदा चारी बाजूंनी ताणून बांधा, वाऱ्याने फुगला की माणसांचे चेहरे सुजतात. भाद्रपद आहे, वर पत्रे असलेलीच जागा धरा. मिरवणुकीचे बेस या सिनेमांना लावू नका, संवाद ऐकू येतील असे दोन साधे स्पीकर पुरतात. आणि हात जोडून एक विनंती: सिनेमा चालू असताना "पांढऱ्या रंगाची गाडी रस्त्यात लावली आहे, ती काढावी" हे माइकवरून सांगू नका. त्या गाडीवाल्याला शोधायला एक पोरगा पाठवा.

खर्चाचं म्हणाल तर आठवण करून देते. २००४ साली 'श्वास' ऑस्करसाठी भारताकडून निवडला गेला. 'श्यामची आई'नंतर सुवर्णकमळ मिळवणारा तो पहिला मराठी सिनेमा. तिकडे प्रचाराला पैसे नव्हते, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली. आजोबा नातवाची दृष्टी जाण्याआधी त्याला शहर दाखवायला घेऊन जातात, एवढीच त्या सिनेमाची गोष्ट, आणि तिच्यासाठी ज्यांनी सिनेमावर कधी चार ओळी वाचल्या नाहीत त्यांनी खिशात हात घातला.

तर प्रोजेक्टरचं भाडं माझ्याकडे. पावतीवर 'सिनेमासाठी' असं वेगळं लिहा, म्हणजे ते पैसे फुलांच्या खात्यात जाणार नाहीत. पहिल्या वर्षी 'वळू', तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी. दुसऱ्या वर्षी 'फँड्री', पण विसर्जनाच्या आदल्या दिवशी अजिबात नको. त्या दिवशी ज्यांनी तो बघायला हवा तेच कार्यकर्ते मांडवामागे खुर्च्यांवर झोपलेले असतात. नियोजनाची बैठक कधी आहे ते जिन्यातल्या फळ्यावर लिहा. मी येते.

आपली,
एक वर्गणीदार